झेंडावंदनाची चलबिचल

पंधरा ऑगस्टला तुला कोरडंच वाटतं, आणि घोषणांचा आवाज चढला की नकोसं होतं, असं म्हणालास. मंडळात नवीन आलेल्या बऱ्याच जणांचं हेच होतं. बोलून दाखवलंस ते बरं केलंस.

आपण ग्वाल्हेरचे मराठी. आपल्याला तर हा गुंता वारशातच मिळालाय. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. 1858 च्या जूनमध्ये त्या इथेच लढताना पडल्या. त्याच वेळी ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने होते, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज शिंद्यांच्याच पदरी. मग आपण कुणाचे? माझ्या मते दोघांचेही. तुला भाषण करायला लावलंच तर यावरच बोल. नुसत्या जयजयकाराची भाषणं सुरू असताना लोक जिलेबीकडे बघत बसतात.

कायद्याची धास्ती धरू नकोस. केरळमधली तीन मुलं राष्ट्रगीताला उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं, तर 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. तूही नीट उभा राहा. गावंसं वाटलं नाही तर गप्प राहा. व्हॉट्सॲपवर मात्र त्या दिवशी वाद घालू नकोस, काकामंडळी ऐकणार नाहीत.

आणि मध्य भारत खादी संघात एकदा जाऊन ये. तिथे खादीचे तिरंगे तयार होतात. 2021 च्या डिसेंबरपासून पॉलिएस्टरचे झेंडेही चालतात, पण मंडळाचा तिथूनच आण. पावती खजिनदारांकडे दे.