लेकराचं म्हणणं समितीपुढे पोचलं पाहिजे

प्रिय बेटा,

निराधार लेकरांसाठी आपल्याच भागात काम करायचं म्हणतेस, हे वाचून फार बरं वाटलं. खाऊ-कपडे वाटणारे खूप आहेत. निराधार लेकरांनी कुठं राहायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे एखाद्या लेकराला पुरतं ओळखून त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस मात्र क्वचित भेटतं. तू ते माणूस हो.

अमेरिकेत हे काम रीतसर चालतं. अपुऱ्या माहितीवर मुलांच्या आयुष्याचे निकाल द्यावे लागतात, हे सिएटलच्या डेव्हिड सूकप या न्यायाधीशांना सहन होईना. १९७७ साली त्यांनी साध्या नागरिकांना शिकवून कोर्टात मुलांची बाजू मांडायला नेमलं. एका स्वयंसेवकाकडे एखाद-दोनच मुलं असतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं दोन गोष्टी पक्क्या केल्यात: मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानायचा. तुझं सारं काम या दोन वाक्यांवर उभं राहील.

एका पोरीचं सांगते. गाव सांगणार नाही, का ते पुढे लिहिते. बाप कर्जापायी गेला, माय आजारात गेली. पोरगी काकाकडे राहायला तयार आहे, असं अहवालात लिहून आलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण आजीच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती मला म्हणाली, "काकू चांगली आहे. पन माहा भाऊ तिथं नाही ना." धाकटा मामाकडे गेला होता. तेवढंच वाक्य, तिच्याच शब्दांत, समितीपुढे ठेवलं. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं असं कायद्याचं ४४ वं कलमच सांगतं. पुढे दोघंही आत्याकडे गेली. म्हणून सांगते, लेकराचं बोलणं प्रमाण भाषेत बसवू नकोस. 'मुलीची भावनिक गरज' असं लिहिलंस की ते कुणाच्याही कानावरून जातं.

भेटीला जाशील ती वेळ बघून जा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, दिवसा घरी कुणी सापडत नाही, तेव्हा दिवेलागणीला जा. सांभाळणारं घर नात्यातलं असलं तरी डोळे उघडे ठेव. नखांच्या कडेला बोंडांनी खरचटलेलं दिसलं तर शाळेच्या हजेरीची चौकशी कर. लेकरू घरच्यांसोबत सुट्टीच्या दिवशी वेचायला गेलं असेल, तर लगेच बोभाटा करू नकोस. पण घरची स्वतःची पोरं शाळेत आणि हेच एकटं वावरात, असं दिसलं की गप्प बसायचं नाही. लेकरू सांभाळायला दिलेल्या घरांची दर महिन्याला तपासणी व्हावी असं कायदा म्हणतो. जिल्ह्याची अंतरं तुला माहीतच आहेत, तेव्हा मधल्या काळात तू जाणं फार मोलाचं आहे. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पोलीस पाटील यांच्याशी ओळख ठेव. गावातलं खरं काय ते त्यांना आधी कळतं.

पैशाचंही बघ. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आणि कित्येकदा मृत्यूचा दाखला किंवा बँकेचं खातं नाही म्हणून अर्ज अडून राहतो. आजीबाईला तहसीलच्या खेपा झेपत नाहीत. मोठमोठ्या भाषणांपेक्षा तो एक दाखला काढून देणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता गाव का नाही सांगितलं ते. अशा मुलाचं नाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा पसरवायला त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमानं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेची भीती बाजूला ठेव, पण वर्गात 'ते अनाथ पोट्टं' ठरलेल्या लेकराची मान कशी खाली जाते ते मी पाहिलंय. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला त्यांच्यासोबतचा फोटो कधीही ठेवू नकोस.

आणि जमेल तेवढंच बोल. "मी तुला माझ्या घरी नेईन" हे तोंडातून जाऊ देऊ नकोस. ती लेकरं शब्द वर्षानुवर्षं धरून बसतात. एकच मूल घे, पण त्याच्याकडे जात राहा. निकाल लागल्यावरही जा, तेव्हा तर बाकीचे सगळे यायचे थांबलेले असतात.

सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून कर. ओळखपत्र आणि चारित्र्य पडताळणीचे कागद घेऊन जा, आणि त्यांच्या परवानगीशिवाय कुठल्याही घरी एकटी पोचू नकोस. ते गृहभेटीला सोबत नेतील तेव्हा पहिल्या दिवशी वही पिशवीतच राहू दे. आजीशी पिकापाण्याचं बोल आणि लेकराला आपणहून जवळ येऊ दे.

तुझी,
मावशी