सदस्य, सभासद आणि निलंबित देश

प्रश्न असा आला आहे : ‘ऑक्टोबर २०२५मध्ये तिमोर-लेस्ते आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत दाखल झाला. त्या बातमीत एका ठिकाणी “सदस्यता घेतली”, दुसरीकडे “सदस्यत्व मिळालं” आणि एका जुन्या वळणाच्या लेखात “सभासद राष्ट्र झालं” असं वाचलं. यातलं बरोबर कोणतं? आणि एखाद्या देशाला संघटनेने निलंबित केलं असेल तर त्याला सदस्य म्हणायचं की माजी सदस्य?’

पहिला प्रश्न सरळ आहे, खरी गंमत दुसऱ्यात आहे. तरी आधी पहिला.

सदस्य आणि सभासद या दोन्ही शब्दांच्या पोटात एकच धातू आहे : सद्, म्हणजे बसणे. सभेत बसतो तो सभासद. सोमयागात ‘सदस्’ नावाचा मंडप असतो, तिथे बसून यज्ञावर देखरेख करणारा ऋत्विज तो सदस्य. सभासद तर थेट अथर्ववेदातला शब्द. ‘ये ते के च सभासदस्ते मे सन्तु सवाचसः’, म्हणजे हे सभे, तुझे जे कोणी सभासद असतील ते माझ्याशी एका वाणीने बोलोत. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतही सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमतानेच व्हावेत असं लिहून ठेवलं आहे. मागणी इतकी जुनी आहे, आणि ती पुरी न होण्याची परंपराही तितकीच जुनी असावी. मराठीत हा शब्द दरबारातून आला. शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंतांच्या नावापुढचा ‘सभासद’ आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे.

म्हणजे व्युत्पत्तीने दोघांत निवड करता येत नाही. ती वापराने केली आहे. गृहनिर्माण संस्थेचा सभासद, ग्रंथालयाचा आजीव सभासद, पतसंस्थेचा नाममात्र सभासद, साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद (आणि जो सभासद नाही त्याचा ऊस गेटकेन). याउलट ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा परिषद सदस्य, समितीचे सदस्य, कुटुंबातले सदस्य. अर्ज करून, वर्गणी किंवा भागभांडवल भरून जो आत येतो तो सभासद. निवडून, नेमणुकीने किंवा जन्माने ज्याला जागा मिळते तो सदस्य. नियम म्हणून हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण ‘ग्रामपंचायतीचा सभासद’ म्हटलं की कानाला खटकतं, हा पुरावा पुरेसा आहे.

आता या न्यायाने देश खरं तर सभासदच व्हायला हवेत. तिमोर-लेस्तेने २०११मध्ये आसियानकडे अर्ज केला. आसियानच्या सनदेत प्रवेशाच्या अटी आहेत : देश आग्नेय आशियाच्या मान्य भूभागात असावा, सर्व सदस्यांची त्याला मान्यता असावी, सनद पाळण्याची आणि जबाबदाऱ्या पेलण्याची त्याची तयारी व कुवत असावी. नोव्हेंबर २०२२मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि २६ ऑक्टोबर २०२५ला क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत तो अकरावा देश म्हणून आत आला. वर्गणीही आहे. जकार्ताच्या सचिवालयाच्या खर्चाचा वाटा सगळ्यांनी सारखा उचलायचा असतो, म्हणजे इंडोनेशियाएवढा अवाढव्य देश आणि त्याच्या कुशीतला तिमोर-लेस्ते यांची पावती एकाच रकमेची. अर्ज, छाननी, मंजुरी, वर्गणी. सोसायटीच्या कार्यालयात याहून वेगळं काय चालतं? जुन्या मराठी लेखनात ‘सभासद राष्ट्रे’ सर्रास सापडतं ते उगाच नाही. मग सदस्य का जिंकला? माझ्या मते सहकाराने सभासद हा शब्द इतका आपलासा केला की त्याला भागाच्या दाखल्याचा आणि वार्षिक सभेच्या चहाबिस्किटांचा वास येऊ लागला. तेव्हा आज ‘सदस्य देश’ लिहा. ‘सभासद देश’ लिहिलंत तरी चूक नाही, फक्त जरा जुनं वाटेल.

‘सदस्यता’ मात्र टाळा. -त्व आणि -ता हे दोन्ही प्रत्यय संस्कृतातले आणि मराठीत दोन्ही नांदतात : पात्रता, मान्यता, आवश्यकता इथे ‘ता’ आपलीच आहे. पण माणसाची भूमिका किंवा दर्जा सांगणाऱ्या नामांना मराठी बहुधा ‘त्व’ लावते : नागरिकत्व, पालकत्व, नेतृत्व. हिंदीत नागरिकता, सदस्यता; मराठीत नागरिकत्व, सदस्यत्व. ‘सदस्यता घेतली’ या दोन शब्दांत हिंदी दोनदा आली आहे, कारण ‘घेतली’ हेसुद्धा ‘ली’चं भाषांतर आहे. वाचनालयाचं सदस्यत्व माणूस घेतो, तिथे पैसे भरले की काम होतं. आसियानचं १४ वर्षं थांबून मिळतं. म्हणून ‘मिळालं’. (असंच ‘क्षेत्रीय’चं. सार्कच्या पूर्ण नावात हिंदी ‘क्षेत्रीय’ म्हणते, त्यातून त्यांचं ‘दक्षेस’ हे सुटसुटीत रूप तयार झालं. मराठीत ‘प्रादेशिक’ हवं. दक्षेस काही आपल्याकडे रुजलं नाही, सार्कच राहिलं.)

आता निलंबन. इथे शब्द चुकला की बातमीच चुकते.

सरकारी नोकरीतलं निलंबन आणि बडतर्फी यांतला फरक मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. निलंबित कर्मचारी आस्थापनेवर असतो, त्याला निर्वाह भत्ता मिळतो, तो राजीनामाही देऊ शकतो. बडतर्फ झालेला यातलं काहीच करू शकत नाही. देशांचं तंतोतंत असंच आहे. माली, बुर्किना फासो आणि नायजर या तिन्ही देशांत लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेच्या ‘इकोवास’ या संघटनेने त्यांना निलंबित केलं. मराठीत तेव्हा ‘हकालपट्टी’ असा मथळा कुणी दिला असेल, तर पुढची बातमी लिहिताना त्याची पंचाईत झाली असणार. कारण २८ जानेवारी २०२४ला तिघांनी मिळून जाहीर केलं की आम्हीच बाहेर पडतो आहोत. हाकललेला माणूस बाहेर कसा पडणार? ते निलंबित होते, म्हणजे सदस्य होते, म्हणून तर सोडून जाऊ शकले. तिघांचं म्हणणं, आम्ही तत्काळ बाहेर. संघटना म्हणाली, करारात वर्षभराची पूर्वसूचना आहे. शेवटी २९ जानेवारी २०२५ला ते औपचारिकपणे बाहेर पडले आणि इकोवासमध्ये १२ देश उरले. त्या मधल्या वर्षभरात त्यांना ‘माजी सदस्य’ म्हणणं चूक होतं. ‘निलंबित सदस्य’ हेच बरोबर.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : निलंबित देश हा सदस्यच असतो. मात्र निलंबन कशाचं, तेही पाहायला हवं. अमेरिकी देशांच्या संघटनेने १९६२मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्तेच्या बैठकीत क्युबाला बाजूला केलं, तेव्हा ठरावात ‘क्युबाचं सध्याचं सरकार’ असे शब्द मोजून घातले होते. कामकाजात भाग घेण्याची बंदी सरकारला, देशाला नव्हे. २००९मध्ये तो ठराव रद्द झाला. म्हणून ‘क्युबाचं सदस्यत्व रद्द’ हे दोन्ही बाजूंनी चूक. ‘क्युबाच्या सरकारला मज्जाव’ बरोबर. (दार उघडल्यावर क्युबाने आत यायला नकार दिला, ते निराळं.)

सीरियाचं उदाहरण याच्याही पुढचं. सीरिया अरब लीगचा संस्थापक सदस्य, १९४५पासूनचा. नोव्हेंबर २०११मध्ये त्याला निलंबित केलं. मार्च २०१३च्या दोहा परिषदेत सीरियाच्या खुर्चीवर विरोधकांच्या आघाडीचे नेते येऊन बसले. देश तोच, खुर्ची तीच, बसणारा दुसरा. मे २०२३मध्ये निलंबन उठलं तेव्हा ‘सीरियाचा पुनःप्रवेश’ असे मथळे आले. घर सोडलंच नव्हतं तर प्रवेश कसला? ‘सीरियावरचं निलंबन मागे’ इतकंच म्हणायला हवं होतं. त्याआधी इजिप्तचंही असंच झालं होतं : इस्रायलशी तह केल्यामुळे १९७९मध्ये निलंबन, लीगचं मुख्यालय कैरोहून उचलून ट्युनिसला, आणि १९८९मध्ये इजिप्त पुन्हा पंक्तीला.

‘पुन्हा’ हा शब्द मोरोक्कोच्या बाबतीत मात्र फसवतो. मोरोक्को ज्या पश्चिम सहारावर हक्क सांगतो, तिथल्या प्रजासत्ताकाला आफ्रिकी ऐक्य संघटना जागा देते म्हणून मोरोक्को १९८४मध्ये ती सोडून गेला. जानेवारी २०१७मध्ये तो आफ्रिकी संघात आला. पण आफ्रिकी संघ ही त्या जुन्या संघटनेच्या जागी २००२मध्ये कामाला लागलेली नवी संघटना. मोरोक्को तिचा सदस्य कधी नव्हताच. ‘आफ्रिकी कुटुंबात परतला’ असं त्यांचे राजे म्हणोत, ते भावनेचं बोलणं झालं. बातमीत ‘आफ्रिकी संघाचा सदस्य झाला’ असं लिहावं, ‘पुन्हा’ गाळावं.

म्यानमारबद्दल तर हमखास घोटाळा होतो. २०२१च्या लष्करी उठावानंतर आसियानने म्यानमारला निलंबित केलेलं नाही. ऑक्टोबर २०२१पासून शिखर परिषदेला लष्करप्रमुखाला बोलवायचं नाही, बिगर-राजकीय प्रतिनिधी चालेल, एवढंच ठरवलं. (‘गैर-राजकीय’ नको, ‘गैर’ मराठीत वेगळ्या कामाला लागतो.) म्यानमार पूर्ण सदस्य आहे, त्याच्या सेनापतीला आमंत्रण नाही. अफगाणिस्तानचंही जवळपास तेच. २००७च्या नवी दिल्ली परिषदेत तो सार्कचा आठवा सदस्य झाला आणि तालिबान आल्यावरही तो आठवा सदस्यच आहे. प्रतिनिधी म्हणून कोण बसणार यावर मात्र एकमत होईना, म्हणून सप्टेंबर २०२१मध्ये न्यूयॉर्कला व्हायची परराष्ट्रमंत्र्यांची बैठक रद्द झाली. तसंही २०१४च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद भरलेली नाही. २०१६ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर भारताने जायला नकार दिला आणि बारगळली. म्हणून कुणी ‘भारताने सार्क सोडलं’ असं लिहिलं तर तेही चूक. परिषदेला न जाणं वेगळं, सदस्यत्व सोडणं वेगळं. सोडणं कसं असतं ते ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना दाखवलं : सार्वमत, कलम ५०ची नोटीस, वाटाघाटी, मुदतवाढी, आणि मग ३१ जानेवारी २०२०.

लिंगाचा एक बारका प्रश्न अनुवादकांना छळतो : श्रीलंका सार्क‘चा’ संस्थापक सदस्य की सार्क‘ची’? श्रीलंका स्त्रीलिंगी, सदस्य पुल्लिंगी. त्यात न अडकता ‘श्रीलंका हा सार्कचा संस्थापक सदस्य देश आहे’ असं लिहावं; ‘हा’ आणि ‘देश’ मिळून वाक्य सावरतात. देश की राष्ट्र यात मी देश घेतो. राष्ट्र म्हटलं की वाक्यात नपुंसकलिंग सांभाळत बसावं लागतं आणि अर्थात काही भर पडत नाही.

राहिला ‘निरीक्षक’, म्हणजे सदस्य नसताना बैठकीला बसू दिलेला. पोलीस निरीक्षक आणि शाळा तपासायला येणारे निरीक्षक पाहिलेल्या मराठी माणसाला हा शब्द अधिकाराचा वाटतो, आणि सार्कच्या निरीक्षकांना तर मतही नसतं. पण शब्द रुळला आहे, आता बदलायच्या भानगडीत पडू नये. फक्त ‘सार्कचे नऊ निरीक्षक देश’ असं लिहू नका. ऑस्ट्रेलिया, चीन, इराण, जपान, दक्षिण कोरिया, मॉरिशस, म्यानमार आणि अमेरिका हे आठ देश झाले. नववा निरीक्षक युरोपीय संघ आहे, आणि तो देश नाही. ‘नऊ निरीक्षक’ लिहिलं की भागतं.