३४व्या वर्षी नर्सिंगला जाणाऱ्या पत्नीला घरच्यांनी आधार कसा द्यावा?

तुमची पत्नी ऑफिसची नोकरी सोडून जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा करणार, आणि तुम्ही विचारताय की तिला मोटिव्हेट कसं करू. काही करू नका. या वयात पुन्हा युनिफॉर्म घालायचं जिनं ठरवलंय तिला मोटिव्हेशन लागत नाही, सकाळी सहाला तयार डबा लागतो.

मी सासू आहे, ऐरोलीची. सून वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होती. कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा तिनं तिशी ओलांडलेली, नातू पहिलीत. तिची बारावी कॉमर्सची, त्यामुळे जो तो सांगायला, सायन्स नाही तर नर्सिंग कसलं! बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. जीएनएमला मात्र आर्ट्स-कॉमर्सवालीही चालते. बारावीला इंग्रजी आणि ४० टक्के हवेत. तीन वर्षांचा कोर्स.

पहिलं वर्ष जड जातं. डेबिट-क्रेडिटवाल्या बाईला एकदम ॲनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी, तेही इंग्रजीत. शिवाय वॉर्डची ड्युटी, केअर प्लॅन, प्रोसिजर बुक, चार्ट. आमच्याकडे हृदयाचे कप्पे माझ्या मुलानं रंगवले, रात्री बारापर्यंत बसून. दिवाणावर चादरीचे कोपरे दुमडायची प्रॅक्टिस चालायची, नातवाच्या डोक्याला बँडेज बांधलं जायचं, आणि माझं बीपी एवढ्या वेळा मोजलं गेलं की शेवटी त्यामुळेच वाढलं असणार.

खरी परीक्षा गौरींना झाली. गौरीजेवणाच्या दिवशी हिची मॉर्निंग ड्युटी. सुट्टी घे म्हणणं सोपं, पण यात हजेरीचा नियम कडक. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिप्लोमा हातात पडायला प्रॅक्टिकलची १०० टक्के. बुडवलेली ड्युटी माफ होत नाही, नंतर भरावीच लागते. म्हणून मी म्हटलं, तू जा. पुरण मी शिजवलं, मुलानं वाटलं. अकराच्या सुमारास माझ्या जाऊबाई आल्या, डोंबिवलीहून. मुलाच्या हातात पुरणयंत्र बघून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घरच्या लक्ष्मीनं परक्यांची भांडी उचलायची आणि पोरानं पुरण वाटायचं?" भांडी म्हणजे बेडपॅन, हे सगळ्यांना कळलं. मी म्हटलं, "वहिनी, ताट वाढलंय, बसा." त्या जेवल्या. चार पोळ्या.

लग्नानंतर मी डी.एड. करत होते तेव्हाही याच वहिनींनी याच सुरात विचारलं होतं, "मास्तरीण होऊन दिवे लावणार का?" तेव्हा माझ्या सासूबाई गप्प राहिल्या. विरोध त्यांनी कधीच केला नाही, पण बाजूही घेतली नाही. आणि घरी येऊन सगळ्यांचा स्वयंपाक मीच करायचा, हे ठरलेलं. आमच्या घरात अजूनही म्हणतात की सासूबाईंनी मला शिकवलं. नाही शिकवलं. अडवलं नाही, एवढंच. फी भरणाऱ्या नवऱ्यांनाही मी हेच सांगते. फी भरली म्हणजे आधार दिला असं होत नाही. पाहुण्यांसमोर तोंड उघडावं लागतं. तुमच्या आई, आत्या, वहिनी जे बोलतील त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, तिनं नाही. आणि "मी मदत करतो" असं म्हणू नका, मुलाचा अभ्यास आणि रात्रीचा स्वयंपाक कायमचा तुमच्याकडे घ्या. नाइट ड्युटीहून आल्यावर तिला झोपू द्या, दाराची बेल बंद ठेवा.

सून आता स्टाफ नर्स आहे, ठाण्यातच. वहिनींचं मत बदललेलं नाही. हे उत्तर मी फॅमिली ग्रुपवरही टाकणार आहे.

आता राहिलेलं. तीन वर्षं पगार बंद, ते गणित आधी मांडा. आमच्याकडे माझी पेन्शन होती म्हणून मी एवढं बोलते. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि मुख्य म्हणजे जीएनएमला वयाची मर्यादा ३५ आहे. पत्नी ३४ची आहे म्हणता, तर पुढच्या वर्षी बघू असं अजिबात करू नका. जन्मदाखला आणि बारावीची मार्कशीट आजच काढून ठेवा.