आयईए (अर्गोनॉमिक्सची, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याच्या शास्त्राची, आंतरराष्ट्रीय संघटना) आणि आयकोह (कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्या सहकार्याचा आपल्याकडच्या कामगाराला खरंच काही उपयोग होतो का?

"परिषदा आणि ठराव सोडले तर हाती काय लागतं," असंही तुम्ही खाली विचारलंय. लागतं. पण ते नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या कारखान्यापर्यंत यायला मध्ये एक कपाट आडवं येतं, म्हणून आधी त्या कपाटाबद्दल.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. नाव लिहीत नाही. पॅकिंगला सगळ्या बायका, बहुतेक कंत्राटी, दिघा-कळव्याकडून येणाऱ्या. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप्स यायच्या, त्या कार्टनमध्ये सरकवायच्या, माहितीपत्रक घालायचं आणि झाकणाची जीभ अंगठ्याने दाबून आत खोचायची. शिफ्टभर तोच अंगठा. पट्टा कुणातरी उंच माणसाच्या मापाने बसवलेला, त्यामुळे बुटक्या बायका रिकामा शिपर, म्हणजे माल भरायचा मोठा खोका, फाडून, घड्या घालून पायाखाली घ्यायच्या. ऑडिट आलं की सुपरवायझर पुठ्ठे उचलायला लावायचा. ऑडिटवाले गेटबाहेर पडले की पुठ्ठे परत जागेवर.

हात दुखतो म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर मलम द्यायचे आणि विचारायचे, "घरी भाकऱ्या थापता ना?" रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं, असं सांगणाऱ्या बाईलाही भाकऱ्याच. मग व्यवस्थापनाने अर्गोनॉमिक्सचा सल्लागार आणला. त्याने मानेचे, कोपराचे कोन मोजून रंगीत फोटोंचा जाडजूड अहवाल दिला. दवाखान्याच्या रजिस्टरात काय नोंदलंय हे त्याने विचारलंही नाही. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "गोपनीय आहे," आणि कपाटाला कुलूप.

तुमच्या दोन संस्थांचं हेच आहे बघा. आयकोह १९०६ साली मिलानमध्ये सुरू झाली, तिथे पहिल्यापासून डॉक्टरांचं वजन. आयईए १९५९ची, ती अर्गोनॉमिक्सवाल्यांची. दुखणं एकाच्या वहीत, मोजमाप दुसऱ्याच्या. म्हणूनच २००१मध्ये आयईएच्या समितीने आयकोहच्या पाठिंब्याने हाताच्या त्याच-त्याच हालचालींच्या कामावर जो एकमताचा दस्तऐवज काढला, त्याला मी किंमत देतो. मिनिटाला हालचाली किती, जोर किती, मनगट कसं वाकतं, मध्ये विसावा मिळतो का, हे सगळं एकत्र धरायचं. ऑक्किपिंटी आणि कोलंबिनी या मिलानच्याच जोडीची ओक्रा पद्धत, म्हणजे अशा कामाचा धोका आकड्यात मोजायची पद्धत, पुढे २००७च्या आयएसओ ११२२८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागात गेली ती याच वाटेने.

पण मला तेव्हा उपयोगी पडली ती आयकोहची आचारसंहिता. त्यात एकेका कामगाराची वैद्यकीय माहिती गुप्त ठेवा असं आहेच, पण गटाचे एकत्रित आकडे व्यवस्थापनाला आणि कामगार प्रतिनिधींना देता येतात असंही आहे. ते पान छापून मी मॅनेजरच्या केबिनमध्ये डॉक्टरांसमोर ठेवलं. नावं नकोत, फक्त कुठल्या टेबलावरून किती तक्रारी ते द्या. नाइलाजाने दिले. कार्टनिंगकडे रांग लागलेली, तपासणीच्या टेबलाकडे जवळपास काही नाही. आता भाकऱ्या तर दोन्हीकडच्या बायका थापत होत्या!

मग जागा अदलाबदलीचं वेळापत्रक लागलं, मेंटेनन्सच्या सुताराने पायाखाली घ्यायला न हलणारे लाकडी पाट केले, आणि कार्टनवाल्याला जिभेची घडी सैल करायला सांगितलं. खर्च असा काही झालाच नाही.

कायद्याची मात्र आशा धरू नका. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, २०१०च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मनगटाची नस दबणं, म्हणजे कार्पल टनेल, नाव घेऊन आहे. आपल्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, २०२५मध्ये तो कायदा जाईपर्यंत, डॉक्टरने सरकारला कळवायचेच असे शिसं, सिलिकोसिस, आवाजाने येणारं बहिरेपण वगैरे २९ आजार होते; त्यात मनगट नव्हतं. त्यामुळे डॉक्टरने कळवलं नाही तर त्याला कुणी विचारत नव्हतं. सहकार्य जिनिव्हात कितीही होऊ द्या, कळवायचं बंधनच नसेल तर मलमच मिळणार.

हो, एक राहिलं. ओक्रा घेऊन पहिल्याच दिवशी लाइनवर जाऊ नका, डोकं फिरेल. आयएलओ आणि आयईएने मिळून काढलेले 'अर्गोनॉमिक चेकपॉइंट्स' फुकट उतरवून घ्या, दुसऱ्या आवृत्तीत १३२ मुद्दे आहेत, चित्रांसकट. सुपरवायझरलाही कळतात. आणि सगळेच डॉक्टर तसे नसतात; आमच्याकडे नंतर आलेल्या मॅडम स्वतः पट्ट्याशी उभ्या राहून कार्टन भरून बघायच्या. सल्लागारांनीही पुढच्या वेळी कॅमेरा काढण्याआधी रजिस्टर मागावं, फी तेवढीच राहील.