'रॉटन बरो'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ब्रिटनच्या इतिहासावरच्या एका मराठी लेखात 'रॉटन बरो'चं (म्हणजे वस्ती जवळजवळ संपली तरी पार्लमेंटात खासदार पाठवणाऱ्या जुन्या मतदारसंघाचं) भाषांतर 'सडका तालुका' असं केलंय, ते बरोबर आहे का, आणि नसेल तर दुसरा शब्द कोणता.

माझ्या मते नाही. 'सडका' म्हटलं की डोळ्यासमोर भ्रष्टाचार येतो, पैसे वाटले, दारू पाजली वगैरे. तेही तिथे चालायचंच, पण 'रॉटन' म्हणण्याचं मूळ कारण ते नव्हतं, मूळ कारण हे की गाव झिजून संपलं तरी पार्लमेंटातल्या जागा तशाच राहिल्या.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ओल्ड सेरम. विल्टशर परगण्यात सॉल्झबरीच्या उत्तरेला एक टेकडी आहे, तिच्यावर लोहयुगातली तटबंदी, त्यात नॉर्मन लोकांनी बांधलेला किल्ला आणि कॅथीड्रल. पण वर पाण्याचे हाल, किल्ल्यातल्या शिपायांशी पाद्र्यांची भांडणं, शेवटी १२२० मध्ये खाली नदीकाठी नव्या कॅथीड्रलचा पाया घातला आणि वस्ती हळूहळू तिकडे सरकली, तीच आजची सॉल्झबरी. टेकडीवर उरले दगड आणि गवत, तरी हे ओल्ड सेरम १८३२ पर्यंत पार्लमेंटात दोन खासदार पाठवत होतं, आणि त्याच वेळी मँचेस्टर-बर्मिंगहॅमसारख्या एवढ्या मोठ्या शहरांना स्वतःचा एकही खासदार नव्हता!

मतदार कोण, तर तिथल्या ठरावीक जमिनीच्या तुकड्यांचे धारक. मत माणसाला नाही, तुकड्याला चिकटलेलं. आपल्याकडे मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे, थोडंफार तसंच, म्हणजे मतदार राहायचे दुसरीकडेच आणि निवडणुकीपुरते शेतातल्या एका एल्मच्या झाडाखाली जमायचे. १८३१ साली हे मतदार होते अकरा. आणि सगळे तुकडे एकाच मालकाचे असले की खासदार कोण हे तोच ठरवणार.

मालकांची यादी बघितली की आपला संबंध येतो. सतराव्या शतकाच्या शेवटी ही जहागीर थॉमस पिटने घेतली, ती हिंदुस्थानातल्या व्यापारात कमावलेल्या पैशातून. हाच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि गोवळकोंड्याकडचा तो प्रसिद्ध हिरा त्याने विकत घेऊन फ्रान्सच्या राजघराण्याला विकला, आज तो लूव्रमध्ये आहे. त्याचा नातू विल्यम पिट (थोरला) १७३५ मध्ये इथूनच पहिल्यांदा पार्लमेंटात गेला आणि नंतर त्यानेच अशा जागांना राज्यघटनेचा कुजलेला भाग म्हटलं. १८०१ मध्ये इथून जॉन हॉर्न टूक आला, सुधारणांसाठी आयुष्यभर भांडलेला माणूस आणि शिवाय शब्दांच्या व्युत्पत्तीवर ग्रंथ लिहिणारा, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जास्तच आपुलकी. तो पाद्री होता म्हणून त्याच वर्षी पाद्र्यांना खासदारकी बंद करणारा कायदाच झाला. १८०२ मध्ये ही जागा केलडनच्या अर्लने घेतली, त्याच्याही घराण्याचा पैसा हिंदुस्थानातलाच.

आता शब्दाकडे. 'बरो' म्हणजे तालुका नव्हे. जुन्या इंग्रजीत 'बुर्ह' म्हणजे तटबंदीची जागा (सॉल्झबरीतला 'बरी' पण तोच), पुढे अर्थ झाला सनद मिळालेलं, बाजारपेठेचं गाव. यासाठी आपल्या दप्तरात अगदी नेमका शब्द आहे, कसबा. मौजे वेगळं, कसबे वेगळं. आणि वस्ती उठलेल्या गावाला महसुली कागदात काय म्हणतात, तर 'बेचिराख', फारसी बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही असं. आज आपण 'शहर बेचिराख केलं' असं जाळपोळीसाठीच वापरतो, पण कागदोपत्री गाव आहे, नाव आहे, हद्द आहे, फक्त माणूस नाही, हा जुना अर्थ ओल्ड सेरमला किती चपखल बसतो बघा. म्हणून माझा शब्द 'बेचिराख कसबा'.

कोणी म्हणेल 'कसबा' वाचलं की लोकांना पुण्यातलाच मतदारसंघ आठवेल, ते खरंय, तर मग सरळ 'बेचिराख मतदारसंघ' लिहा, माझी काही हरकत नाही. 'ओसाड' पण चालेल पण त्यात ते कागदावर जिवंत असणं येत नाही.

एक मात्र सांभाळा. 'पॉकेट बरो' हा वेगळा शब्द आहे, तिथे गाव चांगलं भरलेलं असू शकतं पण जागा एका घराण्याच्या मुठीत, त्याला 'वतनी मतदारसंघ' म्हणावं. ओल्ड सेरम दोन्ही होतं म्हणून गोंधळ होतो. डनिच नावाचं बंदर समुद्राने गिळलं तरी त्याचे दोन खासदार १८३२ पर्यंत होते, ते बेचिराख. १८३२ च्या कायद्याने अशा ५६ बरोंच्या जागा पूर्ण रद्द केल्या, त्या यादीचं भाषांतर करताना सरसकट 'बेचिराख' लिहू नका, काही गावं लहान होती पण तिथे रोज दिवे लागत होते.