साथ मिळाली, पण तिचं ओझंच वाटतंय…

‘हाफ मॅरेथॉन पूर्ण झाली, सगळ्यांनी साथ दिली, मग मला आनंद का होत नाही?’ हा प्रश्न वाटतो तितका विरळा नाही. मोठ्या परीक्षेनंतर, आजारपणातून उठल्यावर, नवा व्यवसाय उभा राहिल्यावरही तो वेगळ्या शब्दांत माझ्यापर्यंत येतो. घरच्यांच्या आधाराने काही पार पडलं की कृतज्ञता वाटायला हवी, तिथे अपराधीपणा ठाण मांडून बसतो. त्यातलाच हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या चाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या, दोन मुलांच्या आई. धावायची सवय मुळीच नव्हती. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक आखून त्यांनी सराव केला आणि २१.०९७५ किलोमीटर तीन तासांच्या आत पूर्ण केले. अठराव्या किलोमीटरला पोटऱ्या आखडल्या, तेव्हा धावण्याच्या ग्रुपमधली एक मैत्रीण स्वतःच्या वेळेवर पाणी सोडून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिली. सरावाच्या काळात सकाळची कामं नवऱ्याने उचलली, आणि लाँग रनच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या सरावाच्या, रविवारी मुलांकडे सासूबाईंनी बघितलं.

“मेडल कपाटात टाकलंय,” त्या म्हणाल्या. “झीज बाकीच्यांनी सोसली आणि फोटो माझा आला. स्वार्थीपणाच की हा.”

शर्यतीनंतर त्या सासूबाईंना एका कामाला हात लावू देत नव्हत्या. नवऱ्याच्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नव्हत्या. धावायचे बूट तेव्हापासून बाहेर काढले नव्हते. आणि ज्या मैत्रिणीमुळे शर्यत पूर्ण झाली, तिचे फोन उचलायचं टाळत होत्या. मला खटकलं ते हे शेवटचं. आपण ज्याचे आभारी असतो त्याच्याकडे ओढले जातो. तोंड चुकवतो ते सावकाराला.

आधी एक गोष्ट तपासून घेतली. कित्येक आठवडे एकाच तारखेवर डोळा ठेवून जगल्यावर ती तारीख उलटली की पोकळी जाणवते, शरीरही थकलेलं असतं. हे बहुतेकदा आपोआप निवळतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच रस वाटेनासा झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यांचं तसं काही नव्हतं. झोप नीट होती, कामात लक्ष होतं. अडकलं होतं ते देण्याघेण्याच्या हिशेबात.

कृतज्ञता आणि ऋणाचं दडपण या दोन निरनिराळ्या भावना आहेत. मानसशास्त्रज्ञ फिलिप वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात, मदत करणारा परतफेडीची जितकी जास्त अपेक्षा ठेवतो असं दिसलं, तितकं दडपण वाढलं आणि कृतज्ञता मात्र घटली. या बाईंच्या बाबतीत तर परतफेड कुणी मागितलीच नव्हती. ती मागणी त्यांनी मनातल्या मनात तिघांच्याही नावावर टाकली होती.

मी त्यांना तिघांसाठी तीन पत्रं लिहायला सांगितली. ‘तुझ्यामुळेच सगळं झालं’ हे वाक्य वर्ज्य. समोरच्याने नेमकं काय केलं, त्याला त्यासाठी काय सोडावं लागलं आणि त्यामुळे आपल्याला काय करता आलं, एवढंच लिहायचं. मग समोर बसून वाचायचं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या २००५ सालच्या प्रयोगात अशा पत्रभेटीनंतर लोकांना जवळपास महिनाभर बरं वाटत राहिलं, पुढे तो परिणाम ओसरला. जादू नाही, पण सुरुवात होते.

“नाटकी वाटेल हो, मॅडम,” त्या म्हणाल्या. बहुतेकांना असंच वाटतं. कुमार आणि एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं: लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा वाचणाऱ्याला अवघडलेपण कमी येतं आणि आनंद जास्त होतो.

मैत्रिणीचं सोपं निघालं. ती हसत म्हणाली, “अगं, माझी वेळ त्या दिवशी तशीही येणार नव्हती. शेवटचे तीन किलोमीटर एकटीने रखडायचा मलाच कंटाळा आला होता.” सासूबाईंनी पत्र ऐकून घेतलं आणि सुनेला बजावलं, “आता मला माझी कामं करू दे. नुसतं बसवून ठेवलंयस.”

नवऱ्याचं पत्र मात्र वेगळ्याच वाटेने गेलं. त्याला ते आवडलं, आणि मग तो म्हणाला, “रविवारचा मला खरंच वैताग आला होता. तू आधीच टेन्शनमध्ये होतीस म्हणून बोललो नाही.” पुढच्या भेटीत त्या डोळे पुसत म्हणाल्या, “बघा, मी सांगत होतेच ना!”

मला विचाराल तर तिन्हींत हे पत्र सगळ्यांत कामी आलं. कुरकुरत दिलेली साथही साथच असते. वैताग आला म्हणून ती खोटी ठरत नाही. त्याने सोळा आठवडे केलं ते केलंच. त्याबद्दल आभार मानणं ही एक गोष्ट, आणि पुढच्या वेळी कामं कशी वाटायची हे ठरवणं ही दुसरी. आभाराच्या भरात बाई सगळ्यालाच हो म्हणत सुटल्या होत्या, त्यामुळे कामाच्या वाटपाचं बोलणं कधी झालंच नाही. ते त्यांनी माझ्यासमोर बसून केलं, चांगली खडाजंगी करत.

ठरलं ते असं: पुढची शर्यत दहा किलोमीटरची. आठवड्यात दोन सकाळी सराव आणि एक आड एक रविवार लाँग रन. मधल्या रविवारी नवरा सकाळीच घराबाहेर पडणार, कुठे ते विचारायचं नाही. सासूबाईंनी मुलांची जबाबदारी महिन्यातून एकाच रविवारी घेतली आहे, त्याहून जास्त जमणार नाही असं स्पष्ट सांगून. बाईंनी ते मान्य केलं, आणि मैत्रिणीला स्वतःहून फोन करून सरावाच्या वेळा कळवल्या.