"कोणी विचारलंच तर?"

कॉन्फरन्समध्ये बोलायचं ठरलं की महिनाभर आधीपासून झोप उडते, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. प्रश्न बहुधा एकच असतो: "स्टेजवर गेल्यावर सगळं विसरलं तर?" या बाईही तोच घेऊन आल्या होत्या. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

वय चाळिशीच्या आसपास, प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये १४ वर्षं. एका परिषदेसाठी त्यांनी ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे भाषणाचा गोषवारा, पाठवला होता. विषय, रखडलेल्या प्रोजेक्टमधून काय शिकलो. तो स्वीकारला गेला. भाषणाला २० मिनिटं, प्रश्नोत्तरांना १०. हातात तीन आठवडे.

"पाठवताना वाटलं, घेतायत कशाला! आता मेल आल्यापासून पोटात गोळा आहे. मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे, आपली लायकी नाही आणि ते उघडं पडेल असं वाटत राहतं ना, तेच. मी वाचलंय त्यावर."

मग त्यांनी लॅपटॉप उघडून स्लाइड दाखवल्या. ६४ होत्या. पैकी पहिल्या नऊ क्रिटिकल पाथ म्हणजे काय यावर, म्हणजे ज्यातलं एक काम लांबलं की अख्खा प्रोजेक्ट लांबतो ती कामांची साखळी. समोर बसणार सगळे प्रोजेक्ट मॅनेजर. गवंड्याला ओळंबा दाखवण्यातलाच प्रकार.

इथे मी चुकले. समोर घाबरलेलं माणूस दिसलं म्हणून श्वासाचा व्यायाम दिला: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. व्यायाम चांगलाच आहे. पण पुढच्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा स्लाइड ७१ झाल्या होत्या.

दुसऱ्या भेटीत भाषणाची सुरुवातीची सात मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड केली. आधी विचारलं, तुमची भीती बघणाऱ्याला दहापैकी किती दिसेल? "नऊ." रेकॉर्डिंग बघितल्यावर त्यांनी स्वतःच चार दिले. "माझा हात थरथरत होता हो! यात दिसतच नाहीये." केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं होतं. आपली धास्ती आपल्याला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही, एवढं आधी सांगितलेल्या वक्त्यांची भाषणं खरोखरच जास्त चांगली झाली. नुसत्या माहितीने एवढा फरक पडतो, म्हणून मी हे प्रत्येकाला सांगते.

पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये एक जागा होती. पाचव्या मिनिटाला "तिसऱ्या महिन्यात डेटा मायग्रेशनमध्ये काही अडचणी आल्या" हे वाक्य त्या स्क्रीनकडे वळून भराभर बोलल्या. डेटा मायग्रेशन म्हणजे जुन्या सिस्टीममधली माहिती नव्या सिस्टीममध्ये हलवणं. क्लिकर दोनदा दाबला गेला, एक स्लाइड सुटली. मी तेवढाच तुकडा परत लावला.

"इथे काय झालं?"

बराच वेळ त्या मोबाइलकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसऱ्या महिन्यातच मला दिसलं होतं. जुन्या सिस्टीममध्ये एकेका ग्राहकाच्या तीन-तीन नोंदी. साफ करण्यातच दोन महिने गेले असते. पण प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या स्टीअरिंग कमिटीच्या रिपोर्टमध्ये मी स्टेटस हिरवंच ठेवलं, म्हणजे सगळं सुरळीत. पुढचे तीन महिने."

नऊ महिन्यांचं काम चौदा महिन्यांनी संपलं होतं. अशा रिपोर्टला त्यांच्या क्षेत्रात कलिंगड म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. बाहेरून हिरवं, आतून लाल.

आता ते इम्पोस्टर सिंड्रोम. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी ही गोष्ट पहिल्यांदा मांडली, तेव्हा त्यांनी तिला सिंड्रोम म्हटलंच नव्हतं. कर्तबगार असूनही आपलं बिंग फुटेल असं वाटत राहणाऱ्या स्त्रियांबद्दल त्या लिहीत होत्या. तिथे मुळात लपवलेलं काही नसतं. या बाईंनी खरंच एक गोष्ट झाकली होती. "तुम्ही खूप हुशार आहात" असं दहा वेळा ऐकवून हा गोळा विरघळणार नव्हता.

म्हटलं, भाषणाचंच रिस्क रजिस्टर करा, म्हणजे काय बिघडू शकतं, त्याची शक्यता, परिणाम आणि उपाय यांचा तक्ता. हे त्यांना माझ्यापेक्षा छान जमणार होतं. पुढच्या वेळी घेऊन आल्या. प्रोजेक्टर बंद पडणं, वेळ संपणं, ब्लँक होणं, सगळं होतं. सर्वांत वर: "तुम्हाला हे आधी कळलं नाही का, असं कोणी विचारलं तर." शक्यता मध्यम, परिणाम गंभीर. उपायाचा रकाना रिकामा.

"मीच आधी सांगून टाकलं तर?" हे त्या म्हणाल्या, मी नाही. मी उलट ब्रेक लावला. साहेबांना माहीत आहे का? क्लायंटची ओळख कुठे निघते का? नोकरीवर गदा येणार असेल तर खरं बोलण्याचा हट्ट मी कोणालाही धरायला सांगत नाही. सरळ विषय बदलावा. त्या साहेबांशी बोलल्या, क्लायंटच्या सगळ्या खुणा काढल्या. स्लाइड उरल्या १४. क्रिटिकल पाथ गेला. पहिलं वाक्य ठरलं: "हा रिपोर्ट हिरवा मीच ठेवला होता." ते तेवढं पाठ करायला सांगितलं, बाकी काही पाठ करायचं नाही.

परिषदेच्या संध्याकाळी फोन आला. पहिली दोन मिनिटं तोंडाला कोरड पडली होती, पाण्याचा ग्लास उचलायचीही भीती वाटली. जो प्रश्न येईल म्हणून झोप गेली होती तो कोणी विचारलाच नाही. मागच्या रांगेतल्या एकाने वेगळंच विचारलं: "तुम्ही लाल दाखवलं असतं, तर कमिटीने ते चालवून घेतलं असतं का?"

"मग काय उत्तर दिलंत?"

"माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. मग त्यांची त्यांच्यातच जुंपली. प्रत्येकाकडे आपापलं कलिंगड होतं. शेवटी सूत्रसंचालकांनीच थांबवलं."

आवाजात थकवा होता, आणि थोडा वैतागही.

"पण मॅडम, शेवटच्या दोन स्लाइड राहिल्याच हो."